युरोबीटच्या तबकड्या आणि त्यांचे संग्राहक

कांहीं मालाचें नशीब मोठें विलक्षण असतें. तो एका देशांत तयार होतो, दुसऱ्या देशांत खपतो, आणि ज्या गांवांत तो घडविला जातो त्या गांवच्या लोकांस त्याचा पत्ताहि नसतो. सतराव्या शतकांत कोरोमांडेल किनाऱ्यावरचे कारागीर जें छिटाचें कापड रंगवीत, त्यांतील बरेंचसें डच व्यापाऱ्यांच्या गलबतांतून सयाम, जपान इत्यादि देशांस जाई. गिऱ्हाइकाच्या आवडीप्रमाणें नक्षी काढावयाची, माल गलबतांत चढवावयाचा आणि पुढील मागणीची वाट पाहावयाची, असा तो व्यवहार होता. जपानी लोक या कापडास ‘सारासा’ म्हणत व त्याचे लहान लहान तुकडेसुद्धां जपून ठेवीत. कापड टिकलें, तें रंगविणाऱ्यांचीं नांवें मात्र कोणी टिपून ठेविलीं नाहींत.

विसाव्या शतकाच्या अखेरीस याच जातीचा एक व्यवहार संगीताच्या क्षेत्रांत घडून आला. या खेपेस माल घडविणारे उत्तर इटलींतील संगीतकार होते, गिऱ्हाईक पुन्हा जपान होतें, आणि माल होता ‘युरोबीट’ या नांवानें प्रसिद्ध झालेलें नृत्यसंगीत. फरक इतकाच कीं, या वेळीं घडविणाऱ्यांचीं नांवें शोधून काढणारा एक वर्ग निर्माण झाला. त्यांत विद्यापीठांतील पंडित जवळजवळ नाहींत. बहुतेक सारे तबकड्या जमविणारे हौशी लोक आहेत. त्यांच्या हौसेची आणि त्या हौसेच्या पाठीमागें असलेल्या इतिहासाची हकीकत जाणून घेण्याजोगी आहे.

१९८० नंतरच्या चारपांच वर्षांत इटलींत नाचाचीं गाणीं रचण्याची एक नवी तऱ्हा निघाली. पूर्वी अशा गाण्यास वादकांचा मोठा ताफा लागे. आतां सिंथसायझर व ताल देणारें यंत्र यांच्या साहाय्यानें दोनतीन माणसें एका खोलींत बसून तेंच काम करूं लागलीं. गाणारे इटालियन, पण गाण्याची भाषा इंग्रजी. झिक्स नांवाच्या एका जर्मन कंपनीनें १९८३ च्या सुमारास या गाण्यांचीं संकलनें काढण्यास आरंभ केला आणि त्यांच्या वेष्टनावर ‘इटालो डिस्को’ हें नांव छापलें. तेंच पुढें रूढ झालें. म्हणजे या संगीताचें बारसें त्याच्या जन्मगांवीं झालेंच नाहीं. तें एका परदेशी व्यापाऱ्यानें संकलनाच्या वेष्टनावर उरकलें!

त्याच काळांत इंग्लंडांत स्टॉक, एटकेन व वॉटरमन या त्रिकुटाचा उदय झाला. त्यांनीं तयार केलेलें, ‘डेड ऑर अलाइव्ह’ या मंडळाचें ‘यू स्पिन मी राउंड’ हें गाणें १९८५ च्या मार्चमध्यें ब्रिटनच्या खपाच्या यादींत पहिल्या क्रमांकावर चढलें. जपानांतील नृत्यगृहांतून हीं इंग्लिश गाणीं आणि तीं इटालियन गाणीं एकाच रात्रीं, एकापाठोपाठ एक वाजत. नाचणाऱ्यांच्या पायांना दोहोंत फारसा भेद वाटत नसे. त्यामुळें दोहोंनाहि मिळून ‘युरोबीट’ हें एकच नांव चिकटलें.

जपानी गायिकांनींहि या गाण्यांच्या चाली उचलल्या. १९८५ सालीं योको ओगिनोमे हिनें अँजी गोल्डचें ‘ईट यू अप’ हें गाणें जपानी शब्दांत ‘डान्सिंग हीरो’ म्हणून गाइलें. १९८७ त ‘बेब’ या जोडीनें मायकेल फोर्तुनाती याचें ‘गिव्ह मी अप’ गाइलें, तर १९८८ त ‘विंक’ या दुसऱ्या जोडीनें कायली मिनोगचें एक गाणें जपानी वेषांत घरोघरीं पोंचविलें. अशा रीतीनें युरोबीटची चाल नृत्यगृहाच्या दाराबाहेर पडून सामान्य कुटुंबांच्या कानांवर गेली.

परंतु याच वेळीं युरोपांत वारें फिरलें. दशकाच्या अखेरीस इटलींतील तरुणांस अमेरिकेंतून आलेलें ‘हाउस’ संगीत अधिक आवडूं लागलें आणि चालीवर भर देणारीं तीं गोड गाणीं जुनीं ठरलीं. इटालियन कारागिरांपुढें दोन मार्ग होते. घरच्या बाजाराबरोबर आपली तऱ्हा बदलावी, किंवा घरचा बाजार सोडून परक्या बाजाराचा आश्रय धरावा. ब्रेशा, मान्तोवा व वेरोना या उत्तरेकडील शहरांच्या परिसरांतील कित्येकांनीं दुसरा मार्ग पत्करला. त्यांनीं जपानी आवडीप्रमाणें गाण्याचा वेग वाढवीत नेला. १९८५ च्या सुमारास मिनिटास १२० ते १३० ठोके असत. पुढील दशकांत ते १५० च्या पलीकडे गेले. गाण्याची बांधणीहि ठरून गेली. आरंभीं वाद्यांवर एक ठसकेबाज स्वरावली, मग कडवें, मग चढत जाणारी जोड-ओळ, मग ध्रुवपद आणि पुन्हा तीच स्वरावली. नव्या गाण्यांत नवें काय, तर चाल. बाकी सर्व सांचा जुना. सांचा ठरलेला असल्यामुळें चालीचा कस मात्र खरा लागे, कारण लपावयास दुसरी जागाच नसे.

हा माल जपानांत आणणाऱ्यांमध्यें सर्वांत पुढें गेलेली कंपनी म्हणजे एव्हेक्स. १९८८ सालीं टोकियोच्या हद्दींतील माचिदा या गांवीं ती निघाली, तेव्हां तिचें स्वरूप परदेशी तबकड्या मागवून घाऊक विकणाऱ्या पेढीचें होतें. तिचे संस्थापक मासातो मात्सुउरा हे त्यापूर्वीं योकोहामा येथें तबकड्या भाड्यानें देणाऱ्या एका दुकानांत काम करीत असत. गिऱ्हाईक काय मागतें आणि काय परत आणून ठेवतें, हें अशा दुकानाच्या फळीमागें उभें राहणाऱ्यास जितकें कळतें तितकें मोठ्या कंपनीच्या दिवाणखान्यांत बसणाऱ्यास कळत नाहीं. त्याच्याहि आधीं, १९८६ पासून, आल्फा या कंपनीनें ‘दॅट्स युरोबीट’ नांवाची संकलनमाला चालविली होती. १९९० सालीं ‘सुपर युरोबीट’ या मालेचा पहिला खंड निघाला आणि त्याच सालीं ‘एव्हेक्स ट्रॅक्स’ हें कंपनीचें स्वतःचें लेबलहि स्थापन झालें.

येथें ‘लेबल’ या शब्दाचा खुलासा करणें इष्ट आहे. तबकडीच्या मध्यभागीं चिकटविलेला गोल कागद हा त्याचा मूळ अर्थ. त्यावर जिचें नांव असतें ती ध्वनिमुद्रण प्रसिद्ध करणारी संस्था, हा पुढें आलेला अर्थ. मोठ्या कंपनीच्या पोटांत अशीं अनेक लेबलें असूं शकतात, आणि दोन मित्रांनीं एका खोलींत चालविलेलें लेबलहि असूं शकतें. युरोबीटच्या इतिहासांत दुसरा प्रकारच अधिक महत्त्वाचा आहे.

एकेका गायकाची तबकडी न काढतां संकलनच कां काढावें, यालाहि कारण होतें. इटलीहून येणाऱ्या बारा इंची तबकडीवर एकच गाणें दोनतीन रूपांत असे आणि तिची किंमत आयातीमुळें वाढलेली असे. नृत्यगृहांतील तबकडीवादकास ती परवडे. नाचावयास येणाऱ्या कारकुनास किंवा विद्यार्थिनीस परवडत नसे. शिवाय गायकाचें नांव कोणासच ठाऊक नसल्यामुळें नांवावर तबकडी खपण्याची आशा नव्हती. मालेचें नांव मात्र ध्यानांत राही. म्हणून गाणें नव्हे, गायक नव्हे, तर मालेचा क्रमांक हीच मालाची ओळख बनली. नियतकालिकाचा अंक जसा ठराविक काळानें दारांत येऊन पडावा, तसा ‘सुपर युरोबीट’चा नवा खंड येई. १९९० पासून २०१८ पर्यंत या मालेचे २५० खंड निघाले. वर्षाला सरासरी नऊ खंड, आणि तेहि अठ्ठावीस वर्षें! एकाच जातीच्या संगीताला इतका दीर्घ आणि इतका नियमित आश्रय क्वचितच लाभला असेल.

आतां इटलींतील कारखान्यांकडे वळूं. ब्रेशा येथील ‘टाइम रेकॉर्ड्स’ हें लेबल जाकोमो मायोलिनी यांनीं १९८४ सालीं काढलें. त्या लेबलावर ‘आलेफ’ नांवाच्या मंडळाचीं गाणीं निघत. त्या मंडळांत गाणारे जांकार्लो पास्क्वीनी यांनीं पुढें, १९९० च्या सुमारास, आल्बेर्तो कोन्तीनी यांच्यासह ‘ए-बीट सी’ हें स्वतंत्र लेबल उभारलें. हे पास्क्वीनी म्हणजेच युरोबीटच्या चाहत्यांचे ‘डेव्ह रॉजर्स’. वेरोनाकडे माउरो फारीना व जुलियानो क्रिवेल्लेन्ते ही जोडी होती. त्यांच्या ‘साइफाम’ या संस्थेनें युरोबीटसाठीं ‘बूम बूम बीट’ हें लेबल चालविलें. एकाच्या पदरीं काम शिकलेला कारागीर दुसरें दुकान थाटतो, तसा प्रकार पुढेंहि चालू राहिला. ए-बीट सीमध्यें काम केलेले आंद्रेआ लेओनार्दी, म्हणजे ‘ब्रॅट सिंक्लेअर’, यांनीं पुढें आपल्याच नांवाचें लेबल काढलें. अशा या मंडळींत एकच मनुष्य गाणें लिहिणारा, वाद्यें वाजविणारा आणि ध्वनिमुद्रण करणारा असे. वेळ पडल्यास गाणाराहि तोच. मुरलेले श्रोते म्हणतात कीं, आरंभींची स्वरावली ऐकतांच लेबल ओळखतां येतें. ए-बीट सीच्या गाण्यांत विद्युत्-गिटारचा आक्रमक स्वर, तर टाइमच्या गाण्यांत गोडव्याकडे कल, अशी त्यांची विभागणी असते.

या सर्व व्यवहारांतील सर्वांत कुतूहलाची बाब म्हणजे नांवें. संकलनाच्या यादींत वीस गाणीं व वीस गायक दिसावेत, आणि प्रत्यक्षांत आवाज सातआठच असावेत, असें वारंवार घडे. माउरित्सिओ दे योरिओ या गायकाचें उदाहरण प्रसिद्ध आहे. ‘रनिंग इन द नाइन्टीज’ हें गाणें मॅक्स कोव्हेरी याचें म्हणून छापलें गेलें आणि ‘नाइट ऑफ फायर’ हें नीको याचें म्हणून. दोन्ही आवाज दे योरिओ यांचेच. मार्को पोलो व देजो हींहि त्यांचींच नांवें. एलेना फेर्रेत्ती ही गायिका कधीं रोझ होई, तर कधीं सोफी. ‘डॉमिनो’ या नांवामागें आलेस्सान्द्रा मिर्का गात्ती ही होती. तिचें ‘तोरा तोरा तोरा’ हें गाणें १९९६ सालीं ‘मॅक्स’ या जपानी मुलींच्या मंडळानें गाऊन लोकप्रिय केलें. उलट, एकच नांव निरनिराळ्या वेळीं निरनिराळ्या गळ्यांनीं वापरल्याचींहि उदाहरणें आहेत. नांव हें माणसाचें न राहतां दुकानाच्या मालकीचें झालें होतें.

भारतांतील ध्वनिमुद्रणाचा आरंभ ज्यांना ठाऊक आहे त्यांना हा विरोध विशेष जाणवेल. १९०२ सालीं गौहरजान हिनें कलकत्त्यास पहिलीं गाणीं मुद्रित केलीं, तेव्हां प्रत्येक गाण्याच्या शेवटीं ती इंग्रजींत आपलें नांव मोठ्यानें सांगत असे. तबकड्या जर्मनींतील हानोव्हर येथें निघावयाच्या. तेथील कामगारांस गाणारीण कोण हें समजावें म्हणून ती योजना होती. तेथें गायिका स्वतः आपली साक्ष ठेवून गेली. युरोबीटच्या गायकांनीं अशी साक्ष ठेविली नाहीं. तबकडी बोलते तें खोटें नांव. खरें नांव दुसरीकडून काढावें लागतें.

आणि येथेंच संग्राहकाचें काम सुरू होतें. त्याची मुख्य किल्ली म्हणजे लेबलावर गाण्याच्या खालीं, कंसांत, बारीक अक्षरांत छापलेलीं आडनांवें. हीं रचनाकारांचीं असतात. इटलींत लेखक व संगीतकार यांच्या हक्कांचे पैसे वसूल करणारी ‘सिआए’ ही संस्था आहे. १८८२ सालीं मिलान येथें ती स्थापन झाली आणि तिच्या संस्थापकांत थोर संगीतकार व्हेर्दी हेहि होते. गाणें वाजलें कीं त्याचा मोबदला या संस्थेच्या दप्तरीं नोंदलेल्या रचनाकारास मिळतो. रंगमंचावर नांव कोणतेंहि घ्यावें, पण जेथें पैसे यावयाचे तेथें मनुष्य बहुधा खरेंच नांव लिहितो! म्हणून वेष्टनावर डेव्ह रॉजर्स आणि कंसांत पास्क्वीनी, असा मेळ बसतो. जमाखर्चाच्या कागदांतून इतिहास काढण्याची ही युक्ति पेशव्यांच्या दप्तरांत वावरलेल्या संशोधकांस अपरिचित नाहीं.

दुसरी किल्ली क्रमांकाची. एव्हेक्सनें या मालेच्या क्रमांकांत शिस्त राखली. शंभराव्या खंडाचा क्रमांक १०१००, तर दीडशेंव्याचा १०१५०. त्यामुळें मधला एखादा खंड नसेल तर फळीवर ती उणीव लगेच दिसते. तिसरी गोष्ट म्हणजे रूपभेद. एकच गाणें कधीं पांचसहा मिनिटांच्या पूर्ण रूपांत, कधीं छाटून, तर कधीं एका गाण्याचें शेपूट दुसऱ्याच्या डोक्यास जोडलेल्या अखंड मालिकेंत आढळतें. नृत्यगृहांतील लोक ‘पारापारा’ नांवाचा जो नाच करीत, त्यांत पाय जवळजवळ एकाच जागीं राहतात व हातांच्या हालचाली गाण्यागणिक ठरलेल्या असतात. तेव्हां गाण्याचें कोणतें रूप वाजणार यावर नाच अवलंबून असे, आणि ज्याला तो जुना नाच जसाच्या तसा हवा त्याला तेंच रूप मिळवावें लागतें. चौथी गोष्ट वेष्टनाची. जपानी तबकडीच्या पेटीस एका बाजूनें कागदाची एक पट्टी गुंडाळलेली असते. किमोनोच्या कमरपट्ट्यावरून तिला ‘ओबी’ म्हणतात. घेणारा ती फाडून टाकी; म्हणून ती शाबूत असलेली प्रत संग्राहकास मोलाची वाटते.

यावर कोणी म्हणेल कीं, हा सारा कागदाच्या पट्ट्यांचा लोभ आहे. त्यांत इतिहास कोठला? हा आक्षेप सर्वस्वीं खोटा नाहीं. अडीचशें खंड ओळीनें लावून ठेवायचे आणि त्यांतील एकहि ऐकायचा नाहीं, असे संग्राहकहि असतात. परंतु सांठवणें व संग्रह करणें यांत अंतर आहे. सांठवणाराची यादी ‘काय आहे’ येथें संपते. संग्राहकाची यादी ‘हें कोणी केलें’ येथें सुरू होते. मूळ इटालियन तबकडी व जपानी संकलन शेजारीं ठेवून, आडनांवें ताडून, आवाज पुन्हा पुन्हा ऐकून, एका टोपणनांवाखालचा मनुष्य निश्चित करणें हें काम कष्टाचें आहे. त्यासाठीं कोणी वेतन देत नाहीं. आज या गायकांचीं खरीं नांवें जगास ठाऊक आहेत याचें श्रेय बव्हंशीं या लोकांच्या चिकाटीस आहे.

युरोबीटची लोकप्रियता भरती-ओहोटीप्रमाणें वरखालीं झाली. १९९५ च्या जानेवारींत नामिए आमुरो हिनें ‘ट्राय मी’ हें मूळ इटालियन गाणें जपानींत गाऊन नांव मिळविलें. १९९८ सालीं शुइची शिगेनो यांच्या चित्रकथेवरून ‘इनिशियल डी’ ही चित्रमालिका निघाली. घाटांतील वळणावळणांच्या रस्त्यांवर रात्रीं मोटारी पळविणाऱ्या तरुणांची ती गोष्ट. तिच्या शर्यतींना युरोबीटचीं गाणीं जोडलीं गेलीं आणि तीं जपानाबाहेर, अमेरिकेंत व इतर देशांत, नव्या पिढीच्या कानीं पडलीं. २००० च्या सुमारास पारापाराची मोठी लाट आली. एव्हेक्सशीं निगडित असलेलें टोकियोंतील ‘व्हेल्फारे’ हें विशाल नृत्यगृह १९९४ सालीं उघडलें होतें. २००६ च्या अखेरीस तें बंद झालें. पुढें मागणी रोडावत गेली.

ओहोटीचा परिणाम इटलींत कसा झाला असेल हें सांगावयास नको. ज्या कारागिराचें घरचें गिऱ्हाईक केव्हांच तुटलेलें आणि परगांवचें गिऱ्हाईक एकच, त्याचें भवितव्य त्या एका गिऱ्हाइकाच्या हातीं असतें. दूरच्या शहरांतील तरुणांचा छंद बदलला कीं मान्तोवाच्या खोलींतील दिवा मालवतो. कांहीं लेबलें बंद पडलीं, कांहीं संगीतकार दुसऱ्या कामाकडे वळले. टाइमसारख्या ज्या संस्थेनें इतर जातींचें नृत्यसंगीतहि चालू ठेविलें होतें ती तगून राहिली. एका बाजारावर विसंबणाऱ्या व्यापाराचा हा जुनाच धडा आहे. कोरोमांडेलच्या रंगाऱ्यांनींहि तो सोसला होता.

तथापि युरोबीटच्या बाबतींत माल व माहिती दोन्ही टिकलीं, आणि यांत संकलनांचा वांटा मोठा आहे. जीं इटालियन गाणीं बारा इंची तबकडीवर थोड्या प्रतींत निघून विसरलीं गेलीं असतीं, तीं मालेच्या एखाद्या खंडांत सांपडून सुरक्षित राहिलीं. बाजारांत हलकी समजली जाणारी, केवळ तरुणांच्या करमणुकीसाठीं काढलेली ही माला न कळत एका सबंध कारागिरीचें दप्तर बनली.

योगायोग असा कीं, ज्या १९९० सालीं ‘सुपर युरोबीट’चा पहिला खंड निघाला त्याच सालीं मुंबईंत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था स्थापन झाली व जुन्या भारतीय तबकड्यांच्या लेबलांवरील नोंदींचें तसेंच काम तिनें हातीं घेतलें. गाणें निराळें, देश निराळा. पण कंसांतील बारीक अक्षरें वाचण्याची गरज तीच. माळ्यावर पडलेल्या ट्रंकेंत जुन्या तबकड्या अजून कित्येक घरीं आहेत. त्या मोडींत घालण्यापूर्वीं घरांतील एखाद्या मुलास त्यांवरील लेबलें वाचावयास व वहींत उतरून ठेवावयास सांगितलें, तर एका रविवारच्या दुपारीं तेवढें काम सहज होण्यासारखें आहे.